'आक्रोश' (१९८०) : लहान्या भिकू गप्प का राहतो?

सह्यकडा

(शेवट फोडलेला आहे. पाहिला नसेल तर आधी पाहा, मग या धाग्यावर या.)

गोविंद निहलानींच्या 'आक्रोश' या हिंदी चित्रपटावर जे काही वाचायला मिळतं त्यात बहुतेक ठिकाणी ओम पुरींच्या डोळ्यांवर लिहिलेलं असतं. डोळे आहेतच तसे, वाद नाही. पण त्या कौतुकात एक प्रश्न बाजूला पडतो की हा माणूस बोलत का नाही, आणि कुणी विचारलाच तर "व्यवस्थेने त्याचा आवाज हिरावून घेतला" असं एक वाक्य टाकून पुढे जातात. मला हे उत्तर पटत नाही, म्हणून हा धागा.

ज्यांना आठवत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. लहान्या भिकू (ओम पुरी) हा आदिवासी मजूर, बायकोच्या, नागीच्या खुनाचा आरोप त्याच्यावर. त्याच्या बचावासाठी सरकारने दिलेला तरुण वकील भास्कर कुलकर्णी (नसीरुद्दीन शाह). समोर सरकारी वकील दुसाने (अमरीश पुरी), जो भास्करचा गुरु आहे आणि स्वतः आदिवासी आहे. भास्कर तुरुंगात जातो, विचारतो, समजावतो, चिडतो, लहान्या एक अक्षर बोलत नाही. घरी जातो तर तिथे म्हातारा बाप, तरुण बहीण आणि नागीचं तान्हं मूल, तेही बोलत नाहीत. मग हळूहळू कळत जातं की नागीवर बलात्कार करून तिला मारणारे कोण आहेत, तर जंगलचा ठेकेदार, जिल्ह्याचा पुढारी, पोलीस अधिकारी, डॉक्टर, म्हणजे ज्यांच्याकडे तक्रार करायची तेच सगळे. आणि हेच लोक संध्याकाळी क्लबात एकत्र बसून पत्ते खेळतात, दुसानेही त्यांच्याच टेबलावर असतो.

आता लहान्याच्या जागी बसून बघा. बोलायचं तर कुणाला? पोलिसांना सांगू शकत नाही. डॉक्टर त्याच बैठकीतला. सरकारी वकील संध्याकाळी त्याच टेबलावर. स्वतःचा वकील चांगला मुलगा दिसतो पण तो त्याच सरकारी वकिलाच्या हाताखाली शिकलेला, त्याच्याच घरी येऊन-जाऊन असलेला. आणि तुरुंगाबाहेर एक तरुण बहीण आहे जिला रोज त्याच जंगलात त्याच ठेकेदाराच्या कामावर जायचंय. मग लहान्याचं गप्प बसणं हे आवाज हरवणं नाही, तो हिशोब आहे. त्याला सगळं कळलेलं आहे, भास्करपेक्षा शंभर पटीने जास्त. कोर्टात बोललो तर मी कदाचित सुटेन, कदाचित सुटणारही नाही, पण घरात जे उरलेत त्यांच्यावर काय येईल हे त्याला पक्कं माहीत आहे.

शेवटाने हेच सिद्ध होतं असं मला वाटतं. बाप मरतो, अग्नी द्यायला लहान्याला बेड्यांसकट आणतात, आणि तिथे तो कुऱ्हाड उचलून बहिणीला मारतो आणि मग तो आभाळाकडे बघून ओरडतो, ज्यावरून चित्रपटाचं नाव आहे. म्हणजे इतके दिवस गप्प राहून तो जे वाचवत होता ते आता वाचणार नाही हे त्याला त्या क्षणी कळलंय. म्हातारा होता तोवर निदान घराला कुणीतरी होतं. आता बहीण एकटी.

विजय तेंडुलकरांची पटकथा, निहलानींचं दिग्दर्शक म्हणून पहिलं काम, त्याआधी ते श्याम बेनेगलांचे कॅमेरामन होते आणि इथेही कॅमेरा त्यांचाच. इफ्फीत (भारताच्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात) सुवर्णमयूर मिळाला, हिंदीतला सर्वोत्कृष्ट चित्रपट म्हणून राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, हे सगळं माहीत असतंच. मला चर्चा हवीय ती या गप्प बसण्यावर. मी त्याला प्रतिकार म्हणतो. ज्या कोर्टावर विश्वास नाही त्या कोर्टाला त्याने स्वतःची साक्ष नाकारलीय. तुम्हाला काय वाटतं?

नीलांबरी

छान लिहिलंय. गप्प राहण्याबद्दल पूर्ण सहमत, शिवाय एक गोष्ट बघा, फ्लॅशबॅकमध्ये लहान्या बोलतो. बायकोशी बोलतो, साधं, घरातलं बोलतो. म्हणजे हा माणूस मुका नव्हताच हे दिग्दर्शकाने दाखवून ठेवलंय.

अजून एक, मी हा चित्रपट पाहिला तेव्हा 'जैत रे जैत' डोक्यात ताजा होता, आणि त्यामुळे मला जास्त त्रास झाला. १९७७ च्या 'जैत रे जैत'मध्ये मोहन आगाशे ठाकर आदिवासींचा नाग्या आणि स्मिता पाटील चिंधी. डोंगर, मध, ढोल, केवढा अभिमान आहे त्या दोघांच्या चालण्यात. आणि तीनच वर्षांनी 'आक्रोश'मध्ये तेच आगाशे अत्याचार करणाऱ्या टोळक्यातले पुढारी आणि स्मिता पाटील नागी. कलाकार भूमिका करतात, त्यात विशेष काही नाही हे मान्य, पण माझ्यासारख्या शहरी मराठी प्रेक्षकाने आदिवासी म्हणजे काय हे ज्या चेहऱ्यांवरून शिकलं तेच चेहरे असे समोर आले की आधीचं गोड चित्र तसंच ठेवता येत नाही. 'जैत रे जैत' मला आजही आवडतो, पण त्यात ठेकेदार कुठे आहे, उचल देणारा सावकार कुठे आहे हा प्रश्न 'आक्रोश'नंतरच पडला.

मंदार_क

सह्यकडा, लेख आवडला पण शेवटाबद्दल तुम्ही जे लिहिलंय ते मला अजिबात मान्य नाही.

बहिणीला कुणी विचारलं? तिला जगायचं होतं का नव्हतं, पळून जायचं होतं, लढायचं होतं, काही तरी. पूर्ण चित्रपटात ती भावापेक्षाही कमी बोलते आणि शेवटी तिच्या जगण्याचा निर्णय तोच घेतो. ठेकेदाराने नागीच्या शरीराचा निर्णय घेतला, लहान्याने बहिणीच्या. मला मान्य आहे की दोघांचा हेतू जमीन-अस्मानाइतका वेगळा आहे, एकाने वासनेतून केलं एकाने मायेतून. पण मारली गेली ती बाईच ना दोन्ही वेळा. याला "हिशोब" म्हणून समजून घेता येईल, प्रतिकार कसं म्हणणार? प्रतिकार म्हणायचा तर कुऱ्हाड दुसऱ्या दिशेला फिरायला हवी होती, पोलीस तिथेच उभे होते.

सह्यकडा

मंदार, शेवटच्या कृतीला मी प्रतिकार म्हटलेलं नाही, गप्प बसण्याला म्हटलंय. शेवट हा तो प्रतिकार हरल्याचा क्षण आहे. पण बहिणीला कुणी विचारलं हा तुमचा प्रश्न योग्य आहे आणि चित्रपटाकडे त्याचं उत्तर नाही. तेंडुलकरांना प्रेक्षकाला धक्का द्यायचा होता आणि तो धक्का त्या मुलीच्या जीवावर दिलाय, असं म्हटलं तर मी वाद घालणार नाही.

तलासरीकर

मी उशिरा वाचला धागा. जरा लांब लिहिणार आहे कारण हा आमच्या भागाचा विषय आहे.

चित्रपट ताकदीचा आहे, मी नाकारत नाही. पण तो बघताना मला प्रत्येक वेळी वाटतं, बाकीचे लोक कुठे आहेत? लहान्याचं घर दिसतं, त्यात तीन माणसं आणि एक मूल. पाडा जवळजवळ दिसतच नाही. अहो आदिवासी पाड्यावर कुणाच्या घरी असं झालं तर रात्रीत सगळा पाडा गोळा होतो, भगत येतो, म्हाताऱ्या येऊन बसतात, भांडणं होतात, कुणी म्हणतं चला, कुणी म्हणतं नको. भीती असतेच, पण भीतीसुद्धा सगळे मिळून बोलतात. इथे एक घर एकटं आणि त्यातला एक माणूस गप्प. संघटना म्हणून जो येतो तो बाहेरचा कार्यकर्ता (महेश एलकुंचवार आहेत ती भूमिका करायला) आणि तोही मध्येच नाहीसा होतो.

आता हे कधीचं? १९८० सालचं. आणि आमच्याकडे त्याच्या पस्तीस वर्षं आधी काय झालं होतं ते सांगतो. उंबरगाव, डहाणू, तलासरी या पट्ट्यात वारल्यांकडून जमीनदार वेठ घेत होते, म्हणजे फुकट काम, बोलावलं की जायचं. आणि लग्नगडी. लग्नासाठी सावकाराकडून थोडे पैसे घेतले की नवरा-बायको दोघं त्याचे गडी, फिटेपर्यंत, आणि ते कधी फिटायचंच नाही. त्या बाईवर मालकाचा हक्कच समजला जायचा. नागीचं जे झालं ते त्या काळात गुन्हासुद्धा नव्हता कुणाच्या लेखी, रोजचं होतं. ऐकलं नाही तर झाडाला बांधून चाबकाने मारायचे.

१९४५ च्या जानेवारीत टिटवाळ्याला किसान सभेचं अधिवेशन झालं, तिथे काही वारली मंडळी गेली. मग गोदावरी परुळेकर आणि शामराव परुळेकर या भागात आले. २३ मे १९४५ ला झरी गावात सभा, हजारो वारली जमले, आणि तिथे ठरलं की वेठ करायची नाही, लग्नगडी राहायचं नाही, दिवसाला बारा आणे मजुरी दिल्याशिवाय कामाला जायचं नाही. आणि गेले नाहीत! शेकडो वर्षं वाकलेली माणसं एका पावसाळ्याच्या आत सरळ उभी राहिली. ऑक्टोबरात तलवाड्याला जमावावर पोलिसांनी गोळीबार केला, पाच जण गेले, त्यातलं जेठ्या गांगड हे नाव आजही आमच्याकडे घेतात. तरी लोक मागे हटले नाहीत, गवतकापणीच्या दराचा संप पुढे चालू राहिला. 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकात गोदूताईंनी हे सगळं लिहिलंय, १९७० चं पुस्तक आहे, साहित्य अकादमी मिळालेलं. म्हणजे 'आक्रोश' लिहिला गेला तेव्हा मराठी वाचकाच्या घरात ते दहा वर्षं होतं.

माझं म्हणणं एवढंच की ती माणसं लहान्यापेक्षा कमी घाबरलेली नव्हती. त्यांच्याही घरात बहिणी होत्या. फरक इतकाच की ते एकमेकांसमोर बोलले, कोर्टासमोर नाही. लहान्या भास्करशी बोलत नाही हे मला पटतं. पण तो पाड्याशी का बोलत नाही हे चित्रपट सांगत नाही, कारण पाडाच लिहिलेला नाही.

नीलांबरी

तलासरीकर, हा प्रतिसाद वेगळा धागा म्हणून टाका प्लीज.

फिरस्ता_धुळे

तलासरीकरांना +१. शहाद्याचं (तेव्हाचा धुळे जिल्हा) पण घ्या त्यात. आमच्या भागात भिल्ल सालदार म्हणून बांधलेले असायचे, वर्षाच्या बोलीवर, जमिनी सावकारीत गेलेल्या आणि त्याच जमिनीवर मजुरी. १९७१ ला पाटीलवाडीला गोळीबार झाला, धान्य घ्यायला आलेल्या आदिवासींवर. त्यानंतर अंबरसिंग सुरतवंती (अंबरसिंग महाराज म्हणायचे त्यांना) आणि श्रमिक संघटना यांनी जे उभं केलं त्यात बायका पुढे होत्या. गावोगाव जाऊन दारूच्या गुत्त्यांची मडकी फोडली त्यांनी, बायकोला मारणाऱ्या नवऱ्यांना चारचौघांत जाब विचारला. म्हणजे १९७२-७३ ची गोष्ट, 'आक्रोश'च्या सात-आठ वर्षं आधी. मंदार_क विचारतात ना की बहिणीला कुणी विचारलं, तर शहाद्यात त्या बहिणींनी कुणी विचारायची वाटच पाहिली नाही.

वकिलीणबाई

मी फौजदारीत काम करते म्हणून कायद्याच्या अंगाने लिहिते, थोडं कोरडं वाटलं तर सांभाळून घ्या.

पहिलं, भास्कर सरकारी खर्चाने का मिळतो. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत कलम ३०४ होतं, सेशन्समध्ये आरोपीकडे वकील करायची ऐपत नसेल तर कोर्टाने सरकारी खर्चाने द्यायचा. १९७६ मध्ये राज्यघटनेत मोफत कायदेशीर मदतीचं कलम ३९-क आलं. तेव्हा चित्रपट बनला त्या काळात ही गोष्ट नवी होती आणि लोकांना आशा होती तिच्याबद्दल. निहलानी-तेंडुलकरांनी बरोबर तिथेच बोट ठेवलं की वकील दिला, आता पुढे? जो वकील मिळतो तो नवशिका, त्याला आरोपीच्या आयुष्याची माहिती शून्य. आजही परिस्थिती खूप वेगळी आहे असं मी म्हणणार नाही. आदिवासी आरोपीशी त्याच्या बोलीत बोलणारा वकील मिळणं आजही कठीण.

दुसरं, गप्प राहण्याबद्दल. आरोपीला गप्प राहायचा हक्क आहे, घटनेचं कलम २०(३), स्वतःविरुद्ध साक्ष द्यायची सक्ती नाही. पुरावा संपल्यावर न्यायाधीश त्याच संहितेच्या कलम ३१३ खाली (२०२४ पासून नव्या संहितेच्या कलम ३५१ खाली) आरोपीला विचारतात की तुझ्याविरुद्ध हे हे आलंय, तुला काय म्हणायचंय. तिथे तो गप्प राहिला तर केवळ त्यावरून शिक्षा होत नाही, पण स्वतःची बाजू मांडायची शेवटची जागा हातची जाते, आणि बायकोचा मृत्यू असेल तर नवऱ्याने खुलासा द्यायला हवा अशी अपेक्षा प्रत्यक्षात कोर्टात असतेच. म्हणजे हक्क कागदावर, आणि वापरला की वजाबाकी.

तिसरं, आणि हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. २६ मार्च १९७२ ला देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात (आता गडचिरोली जिल्हा, तेव्हा चंद्रपूर) एका अल्पवयीन आदिवासी मुलीवर दोन पोलिसांनी अत्याचार केल्याचा खटला. सेशन्स कोर्टाने पोलिसांना सोडलं. हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाने शिक्षा दिली, आणि भीतीने निमूट सहन करणं म्हणजे संमती नव्हे असं म्हटलं. १९७८ मध्ये सुप्रीम कोर्टाने तो निकाल फिरवला, अंगावर जखमा नाहीत म्हणजे विरोध केला नाही अशा अर्थाचं धरून. मग १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धगमवार आणि रघुनाथ केळकर या चार कायद्याच्या प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं, १९८० ला देशभर बायका रस्त्यावर आल्या, आणि १९८३ ला कायदा बदलला, कोठडीतल्या बलात्कारात संमती नव्हती असं गृहीत धरायचं हे तेव्हा आलं.

आता तारखा बघा. देशातलं सर्वोच्च न्यायालय १९७८ ला म्हणतंय की आदिवासी मुलगी ओरडली नाही म्हणजे तिची हरकत नव्हती. आणि १९८० ला हा चित्रपट आला, ज्यात आदिवासी माणूस शेवटपर्यंत गप्प आहे आणि प्रेक्षकाला दोन तास तेच शोधायला लावलंय की हे गप्प बसणं म्हणजे काय. हे ठरवून केलं होतं असं मी म्हणत नाही, पण तेव्हा थिएटरात बसलेल्या माणसाच्या कानावर तो निकाल होता. म्हणून सह्यकडा यांचा मुद्दा मला फार पटतो. आमच्या कोर्टांना गप्प माणूस वाचताच येत नाही. एकतर कबुली समजतात नाहीतर संमती.

सह्यकडा

वकिलीणबाई, देसाईगंजचा संदर्भ माझ्या डोक्यातच आला नव्हता. मनापासून आभार. तलासरीकर, तुमच्या मुद्द्यावर विचार करतोय, पाडा लिहिलेला नाही हे खरं आहे. एक शंका फक्त, शहरातल्या प्रेक्षकाला भास्करच्या डोळ्यांतून आत न्यायचं हे ठरलं की पाडा दिसणार नाहीच, कारण भास्करलाच तो दिसत नाही. त्याला रात्री पाड्यावर कोण बसू देईल? मग ही मर्यादा भास्करची म्हणायची की चित्रपटाची?

तलासरीकर

दोघांची. भास्करला नायक कुणी केला?

ओजस_प

'जय भीम' (२०२१) कुणीच काढला नाही अजून? तिथेही आदिवासी माणूस, पोलीस कोठडी, वकील. फरक म्हणजे तिथे बायको वकिलाकडे येते, बोलते, भांडते, पोलिसांनी देऊ केलेले पैसे नाकारते. मला तो 'आक्रोश'पेक्षा जास्त आवडला, निदान काही आशा देतो.

वकिलीणबाई

'जय भीम' खऱ्या खटल्यावर आहे, १९९३ चा, के. चंद्रू तेव्हा वकील होते, नंतर मद्रास हायकोर्टाचे न्यायाधीश झाले. हेबियस कॉर्पस, म्हणजे माणूस हजर करा अशी याचिका टाकून तिथून धागा ओढत नेला, वकील म्हणून बघताना तो भाग मलाही फार आवडतो. चित्रपटात इरुळर जमात आहे, प्रत्यक्षातलं कुटुंब कुरवर समाजाचं होतं, त्यावर तेव्हा बरीच चर्चा झाली. पण आशा म्हणाल तर ती एका असामान्य वकिलाच्या जोरावर आहे. भास्कर सामान्य आहे, भित्रा नाही पण सामान्य, आणि आपल्या तालुका कोर्टांत भास्करच असतात.

कर्जतवाली

मी रायगडात वीटभट्ट्यांवरच्या मुलांसोबत काम करते, त्यामुळे चित्रपटाबद्दल थोडं आणि आजबद्दल जास्त लिहिते.

आमच्याकडचे कातकरी. खैराच्या झाडापासून काथ काढायचे म्हणून कातकरी म्हणतात. जंगल खात्याचं झालं, काथ गेला, मग कोळसा भट्ट्या, मग वीटभट्ट्या. पावसाळा संपत आला की घरात दाणा नसतो, नेमकं तेव्हा मुकादम येतो आणि उचल देतो. त्या उचलीवर दिवाळीनंतर अख्खं कुटुंब भट्टीवर, पोरंबाळं शाळा सोडून, आणि पाऊस तोंडावर येईपर्यंत तिथेच. निघताना हिशोब होतो आणि बरेचदा अंगावरच निघतं, ते पुढच्या वर्षी फेडायचं. हिशोबाची वही मालकाकडे. वेठबिगार बंद करणारा कायदा १९७६ चा आहे, आणि उचल देऊन माणसाला अडकवून ठेवणं त्यात साफ बसतं. पण गुन्हा नोंदवायला ठाण्यात जायचं तर तिथला पहिला प्रश्न असतो, पैसे घेतले होते ना मग?

एक प्रसंग सांगते, नाव-गाव टाळते. एका भट्टीवर एका बाईला मालकाच्या माणसाने त्रास दिला. आम्ही तिच्याशी बोलायला गेलो, ती गप्प. नवरा गप्प. दोन-तीन वेळा गेलो, चहा दिला, बसवलं, पण त्या विषयावर शब्द नाही. आमच्यातली एक नवीन मुलगी वैतागून म्हणाली की यांनाच काही करायचं नाही तर आपण काय करणार. पाऊस पडला, भट्टी बंद झाली, ते वाडीवर परत आले, आणि मग ती बाई स्वतःहून चालत आमच्याकडे आली आणि सगळं सांगितलं, तारखेसकट, कोण कोण होतं त्यासकट. भट्टीवर असताना तिची चार माणसं मालकाच्या ताब्यात होती. वाडीवर आल्यावर नव्हती. इतकं साधं होतं ते. तेव्हा सह्यकडा "हिशोब" म्हणतात त्यावर माझी सही.

आणि तलासरीकरांच्या म्हणण्यावरही, कारण ती आली तेव्हा एकटी आली नव्हती, वाडीतल्या सात-आठ बायका होत्या सोबत.

मंदार_क

कर्जतवाली, हे वाचून माझा शेवटावरचा राग कमी झाला नाही पण लहान्या जास्त कळला. त्याला वाडीवर परत यायला मिळालंच नाही.

दशरथ_ज

नमस्कार. मी सहसा फक्त वाचतो. जव्हार तालुक्यातला आहे, कोकणा समाजाचा, आश्रमशाळेत शिकलो, आता सरकारी नोकरीत आहे, वर्ग दोन.

सगळे लहान्यावर बोलताय. मी हा चित्रपट बघतो तेव्हा दुसानेकडे बघतो.

दुसाने आदिवासी आहे आणि शिकून सरकारी वकील झालाय. त्याला निनावी फोन येतात, जातीवरून शिव्या, आणि तो फोन ठेवून देतो. क्लबात पत्ते खेळायला जातो आणि ते लोक त्याला खेळायला घेतात, पण आपल्यातला म्हणून घेत नाहीत, हे अमरीश पुरींनी बसण्यातून दाखवलंय, पाठ कशी ताठ ठेवून बसतो बघा. तो सतत पुरावा, कायदा, पद्धत यावर बोलतो. माझे बरेच मित्र, आदिवासी नसलेले, त्याला विकला गेलेला माणूस म्हणतात. मला तसं म्हणवत नाही.

मी नोकरीला लागलो तेव्हा पहिल्याच ऑफिसात माझ्यासमोर, मला ऐकू जाईल असं, सवलतीवर आलेत म्हणून बोललं गेलं. त्यावर मी काय केलं, तर दुप्पट काम केलं. फाईल अशी तयार करायची की बोट ठेवायला जागा नको. नियम पाठ. कारण माझ्याकडे तेवढंच होतं, त्यांच्याकडे ओळखी होत्या, आडनावं होती, माझ्याकडे नियम. दुसानेचंही तेच आहे. तो पुराव्याला चिकटून राहतो कारण पुरावा सोडला तर तो परत पाड्यावरचा पोरगा होतो त्या लोकांच्या नजरेत. आणि मग समोर लहान्या उभा राहतो, जो तो स्वतः असू शकला असता, आणि त्याला शिक्षा मागायची ही त्याची नोकरी.

या चित्रपटात गप्प राहणारे आदिवासी दोन आहेत. एक बोलतच नाही. दुसरा सकाळपासून संध्याकाळपर्यंत बोलतो, अशील, साक्षीदार, न्यायाधीश, सगळ्यांशी, आणि जे बोलायला हवं ते सोडून. पहिल्याला सगळे समजून घेतात, हळहळतात. दुसऱ्यावर कुणी रडत नाही. मला रडू येतं ते फोनच्या सीनला.

माझ्याकडे फॉरेस्टच्या दाव्यांच्या फाईल आल्या होत्या मध्यंतरी, २००६ च्या वनहक्क कायद्याखालच्या. आमच्याच लोकांच्या. पुरावा अपुरा म्हणून नाकारायच्या शिफारशीसह आलेल्या. कायद्यात, नियमात वडीलधाऱ्यांचा जबाब हाही पुरावा धरलाय, पण वरून तोंडी सांगणं असायचं की कागद नसेल तर नको. त्या दिवसांत मी दुसाने होतो का लहान्या होतो का भास्कर, मला सांगता येणार नाही. मी नियमाचा उतारा जोडून त्या परत पाठवल्या, फेरतपासणीला. काही मंजूर झाल्या. माझी बदली झाली, ती त्याच्यामुळेच असं मी म्हणत नाही.

नीलांबरी

दशरथ, लिहीत जा हो इथे. फोनचा सीन आता पुन्हा बघणार.

सह्यकडा

दशरथ, मी धागा काढला तेव्हा दुसानेवर एक ओळ लिहिली होती, क्लबात टेबलावर बसणारा एवढीच. तुमच्या प्रतिसादानंतर मला वाटतंय की चित्रपटाचा खरा खटला दुसाने आणि लहान्या यांच्यात आहे. भास्कर मध्ये उभा राहतो म्हणून तो आपल्याला भास्करचा वाटतो. कोर्टात दोन आदिवासी समोरासमोर आणि दोघांनाही तिथे आणून बसवणारे लोक बाहेर पत्ते खेळतायत.

ओजस_प

पण दुसानेने काय करायला हवं होतं मग? राजीनामा? त्याच्या जागी दुसरा सरकारी वकील आला असता आणि त्याने तर मागेपुढे पाहिलंच नसतं.

वकिलीणबाई

ओजस, सरकारी वकिलाचं काम शिक्षा मिळवणं नसून सगळा पुरावा कोर्टासमोर आणणं आहे, हे आम्हाला पहिल्या वर्षी शिकवतात. तपासात भोकं दिसली तर तो पुढच्या तपासासाठी लिहू शकतो, खटला मागे घ्यायची परवानगी मागू शकतो. राजीनामा न देता करण्यासारखं बरंच होतं. दशरथ यांनी फाईल परत पाठवून तेच केलं.

तलासरीकर

दशरथभाऊ, वाचून गप्पच झालो जरा. जव्हार म्हणजे तुम्ही आमच्या शेजारचेच.

ओजस विचारतात दुसानेने काय करायला हवं होतं. मी चित्रपटाबाहेरचं सांगतो. १९७७ सालच्या लोकसभेला आमच्या डहाणू मतदारसंघातून जो माणूस निवडून गेला त्याचं नाव लहानू कोम. आदिवासी, लाल बावट्याचा, नंतर आमदारही झाले. म्हणजे पडद्यावर लहान्या भिकू गप्प उभा होता त्याच्या तीन वर्षं आधी आमचा लहानू दिल्लीत जाऊन बसला होता. तो एकटा शिकून वर गेला नव्हता, झरीला जमलेल्या लोकांनी आणि त्यांच्या पोरांनी त्याला पाठवला होता, त्यामुळे त्याला क्लबात कुणाच्या टेबलावर जागा मिळते का ते बघत बसावं लागलं नाही. दुसानेच्या मागे असा पाडा उभा असता तर निनावी फोन आल्यावर त्याने तो नुसता ठेवून दिला नसता.

गोदूताईंचं पुस्तक कुणाला हवं असेल तर मेसेज करा, माझ्याकडे जुनी प्रत आहे, वाचायला देईन, परत मात्र हवी. आणि नीलांबरी म्हणतात तसा वेगळा धागा काढतो, लग्नगडीवर. आमच्या पाड्यावरच्या दोन म्हाताऱ्या अजून आहेत ज्यांच्या आईबापांनी ते भोगलंय, त्यांच्याशी बोलून मग लिहितो. भातलावणी आटपली की.